जावईबुवांची गार खोली

आम्हाला मुलगी नाही, तरी आमच्या घरी जावई होता. हसू नका. सासुरवाडीला येऊन बसलेल्या जावयाचे जेवढे लाड होतात तेवढे सगळे त्याचे झाले. त्याला गार खोली लागायची. त्याला लाईट गेलेली चालायची नाही. खोलीत धूळ नको, उंदीर नको, चपला बाहेर काढा. आणि एवढं करून हा करायचा काय, तर बसल्या जागी गरम व्हायचा. म्हणून मीच त्याला जावईबुवा म्हणायला लागले. माझा मुलगा हितेंद्र आधी रागावला, मग तोही तेच म्हणायला लागला.

जावईबुवा म्हणजे मशीन. लोखंडी मांडणीवर ओळीने कॉम्प्युटर, त्यांच्या पोटात विटेएवढी जाड कार्डं, प्रत्येक कार्डाला त्याचे त्याचे पंखे. हितेंद्र पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने मला समजावलं, की ही कार्डं मुळात पोरांच्या खेळांसाठी निघाली, पण हिशोब करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. आता फोनला प्रश्न विचारला की फोन धडाधडा उत्तर देतो ना, ते उत्तर फोन देतच नाही. कुठेतरी लांब मोठमोठ्या खोल्या आहेत, त्यात अशी कार्डं भरलेली आहेत, ती रात्रंदिवस हिशोब करतात आणि तापतात. तापू नयेत म्हणून त्या खोल्या गार ठेवायच्या. सगळा खेळ त्या ताकदीचा. ज्याच्याकडे कार्डं जास्त, त्याचं मशीन शहाणं.

मी म्हटलं, "म्हणजे ज्याच्याकडे बैल जास्त, त्याची नांगरट आधी."

"तसंच समज," तो म्हणाला.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं त्याला कारण त्याचे वडील. आमचे हे, तोतारामभाऊ म्हणतात यांना गावात, एकदा पुण्याला गेले होते. हितेंद्रने फोन हातात दिला आणि म्हणाला, नाना, काहीही विचारा. यांनी आपल्या बोलीत केळीवरच्या करपा रोगाचं विचारलं. फोन म्हणाला, समजलं नाही, कृपया पुन्हा बोला. यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. फोनचं तेच. तिसऱ्यांदा यांनी शहरातल्यासारखं बोलायचा प्रयत्न केला, ते ऐकून तर मलाच कसंतरी झालं. मग यांनी फोन गादीवर ठेवला आणि म्हणाले, "याले आपलं बोलणं समजत नाई. आपल्यासाठी नाई हे." एवढंच. दुसरा कोणी विसरून गेला असता. आमचं पोरगं विसरलं नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर तो नोकरी सोडून घरी आला. आपल्या बोलीत विचारलं की आपल्या बोलीत सांगेल असं मशीन करतो म्हणाला, अहिराणी आणि इकडची दोन्ही. बरोबर रूपाली, आमची सून, भडगावची. पोरगी गुणाची, पण मनाने पक्की. आल्या दिवशीच चहा घेताना तिने मला सांगून टाकलं, "आई, एक वर्ष मी काही बोलणार नाही. पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आत मशीन कुणी घेतलं तर आपण इथेच राहू, मी इथूनच काम करीन. नाही घेतलं तर आम्ही परत जाऊ, आणि मग पुन्हा असं मध्येच सोडून यायचं नाही."

मला तिचा राग आला नाही. खरं सांगते, मला त्या मशीनचं काडीचं कौतुक नव्हतं. मला माझं पोरगं घरात हवं होतं. एकुलतं एक आहे. सकाळी उठून त्याच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं की मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. त्यासाठी मशीन चालायला हवं असेल तर मी मशीनची आरतीसुद्धा केली असती. केलीही, दसऱ्याला, शस्त्रांबरोबर.

अडचण आली ती गारव्याची. आमचा उन्हाळा कसा असतो ते आमच्या जळगावकडच्या माणसाला सांगायला नको. पहिल्याच चैत्रात माडीवर ठेवलेलं मशीन तापून बंद पडायला लागलं. हितेंद्र ओले टॉवेल डोक्याला बांधून त्याच्यासमोर बसायचा. तेव्हा हे म्हणाले, "माह्या खोलीत ठेव नं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. यांची खोली म्हणजे केळी पिकवायची खोली. आमच्या सावद्याकडे केळी सगळेच लावतात, ट्रक भरभरून हिरवा माल उत्तरेला जातो. पण पिकवण्याचं काम फार थोड्यांना जमतं. यांना जमायचं. जाड भिंतीची बंद खोली, गारवा देणारं यंत्र, मागे जुना जनरेटर. आत कच्चा माल लावायचा, औषधी हवा सोडायची, खोली बरोबर गार ठेवायची, आणि योग्य दिवशी दार उघडायचं. आसपासच्या बाजारांत यांचा माल नुसत्या रंगावरून ओळखायचे. या माणसाने आयुष्यात दुसरं काही केलं नाही. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर यांनी केळीवर घेतला होता.

त्या कामाचे नियम आमच्या घरात लेकराला बाराखडीआधी शिकवतात. फळ श्वास घेतं. लाईट गेली, आतली हवा फिरायची थांबली, की बंद खोलीत माल गुदमरतो. वरून पिवळाधमक दिसतो आणि आत उकडल्यासारखा होतो. म्हणून लाईट फार वेळ आली नाही तर जीव घट्ट करून दार उघडायचं आणि वारा खेळवायचा. दार उघडल्यावर फळाला घाम फुटला, म्हणजे सालीवर पाण्याचे थेंब जमले, की हुश्श म्हणायचं. घाम म्हणजे आत गारवा टिकला आहे, माल वाचला. घाम नाही फुटला तर कपाळाला हात लावायचा.

ती खोली यांनी पोरासाठी रिकामी केली. धंदा बंद. गावात लोक म्हणाले, तोतारामभाऊने हातचं सोडलं आणि पळत्याच्या पाठी लागला. यांनी खोली घासूनपुसून काढली, हितेंद्रने सांगितलं तसं हवेत ओल सोडणारं यंत्र बंद केलं, जमिनीवर पाणी शिंपडायची बादली उचलून गोठ्यात ठेवली.

"नाना, पाणी नको हं. पाण्याचा थेंब नको," हितेंद्र म्हणाला होता.

"मले समजते," हे म्हणाले. आणि खरंच, त्यानंतर यांनी त्या खोलीत पाण्याचा तांब्यासुद्धा नेला नाही. तहान लागली तर बाहेर येऊन पाणी प्यायचे, तोंड पुसायचे आणि मग आत जायचे.

जावईबुवा गार खोलीत रमले. मग मला काम लागलं. माझं माहेर दोंडाईच्याकडचं, आमची अहिराणी. लग्न होऊन इकडे आले तेव्हा माझ्या बोलण्याला सासरची सगळी हसायची, हे तर अजून हसतात. मी 'शे' म्हटलं की हे 'आहे नं' म्हणून दुरुस्त करतात. आता हितेंद्र म्हणाला, आई, तू जशी माहेरी बोलतेस तशीच बोल, मशीनला शिकायचं आहे. मी शाल पांघरून त्या थंडीत बसायचे आणि बोलायचे. भाकरी कशी थापायची, कापसाची बोंडं कशी वेचायची, माझ्या बापाने बैल कसा विकला आणि तो बैल कसा परत घरी आला, सगळं. हे समोर बसून त्यांच्या बोलीत बोलायचे. आम्ही नवरा-बायको इतकी वर्षं संसार करून जेवढं बोललो नाही तेवढं त्या खोलीत बोललो. रूपाली बाहेरून म्हणायची, भांडताय की काम करताय?

आणि एक दिवस, आषाढात, हितेंद्र म्हणाला, "आई, आज तू विचार."

मला काही सुचेना. मी म्हटलं, "काय रे भाऊ, कसा शे तू?"

पंखे घोंघावले. जरा वेळ गेला. मग आतून आवाज आला, थोडा अडखळत, पण आमच्याच हेलात. "माय, आठे बठ्ठं बरं शे." इथे सगळं बरं आहे, म्हणाला.

मी तिथेच रडले. लाज कसली. माझे आईबाप गेले, भाऊ सुरतेला गेला, माहेरची वाट बंद झाली, आणि केळीच्या खोलीतून मला कोणीतरी माय म्हणालं. हे म्हणाले, "हा तर तुह्या माहेरचा निघाला. म्हंजे जावई नाई, मेव्हणा आहे माहा." त्या दिवशी मी पुरणपोळी केली. रूपालीने दोन खाल्ल्या आणि म्हणाली, आई, मी इथल्या शाळांची चौकशी करून ठेवते, पुढे-मागे लागेल. मी तिच्याकडे बघितलं नाही, पोळी उलटत राहिले.

आता फक्त घेणारा हवा होता. तोही मिळाला. पाचोऱ्याचे प्रेमराजभाऊ, शेतकऱ्यांची मोठी संस्था चालवतात, गावोगाव त्यांची दुकानं. मशीन चाललं तर प्रत्येक दुकानात एक फोन ठेवतो म्हणाले, शेतकरी येईल, आपल्या बोलीत विचारेल, उत्तर इथून जाईल. पोळा झाला की येतो, बघतो आणि पक्कं करतो. हितेंद्र आणि रूपाली आदल्या दिवशी भडगावला तिच्या आईकडे गेले, दुसऱ्या दिवशी वाटेत पाचोऱ्याहून प्रेमराजभाऊंना घेऊन यायचे होते. जाताना हितेंद्र यांना म्हणाला, "नाना, काही करायचं नाही. लाईट गेली तर जनरेटर. लाईट आली की जावईबुवा आपले आपण उठतात, बटण दाबायलाही जायचं नाही."

"जाय नं तू निवांत," हे म्हणाले. "जिंदगी गेली माही खोली सांभाळण्यात."

संध्याकाळी आमची डीपी जळाली. विजेच्या खांबावरची ती पेटी धाडकन वाजली आणि अर्ध्या गावात अंधार झाला. भादव्यातली हवा, पाऊस नाही, वारा नाही, नुसती घामट वाफ. जनरेटर सुरू झाला, सकाळपर्यंत चालला, आणि सकाळी त्याने मान टाकली. यांनी हातपाय मारले, दोरी ओढली, नळी साफ केली. फैजपूरचा मिस्त्री मिळेना. बॅटऱ्या होत्या त्या चहा होईपर्यंत पुरल्या. मग खोलीतले पंखे एकेक करून थांबले. ते थांबले तेव्हा कळलं की तो आवाज घरात किती मुरला होता. घर मुकं झालं.

मी म्हटलं, "पोराला फोन करा."

यांनी केला. लागेना. लाईट गेली की आमच्याकडे टॉवरही झोपतो. गच्चीवर जाऊन केला, रस्त्यावर जाऊन केला, नाही लागला. मग हे खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले. दाराला हात लावून बघायचे, कान लावायचे. मी स्वयंपाकाला लागले, पाहुणे यायचे होते. मधून मधून बघत होते, हे तिथेच. दुपारची उन्हं आली. यांचा चेहरा असा झाला होता की जणू आत कोणी माणूस कोंडला आहे.

"किती वेळ झाला," हे म्हणाले. "आत हवा नाई. गुदमरीन तो."

"त्याला कसला श्वास?" मी म्हटलं.

"पंखे काबरं लावले मग त्याले?"

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. पंखे लावलेत म्हणजे हवा लागते, एवढं तर खरंच होतं. यांनी हात धुतले, कोरडे केले, देवाला करतात तसा दाराला नमस्कार केला आणि दार उघडलं. मागचं झरोक्याचं दारही उघडलं. भादव्याची ती ओली, गरम हवा सरसर आत गेली.

थोड्या वेळाने हे बाहेर आले ते हसत. इतक्या वेळात पहिल्यांदा हसले. मला हाताला धरून आत नेलं. "पाह्य," म्हणाले, "घाम फुटला."

खरंच फुटला होता. मांडणीच्या लोखंडावर, पंख्यांवर, कार्डांच्या पाठीवर बारीक बारीक थेंब, पहाटेच्या गवतावर असतात तसे. यांनी एका कार्डावर बोट फिरवलं, बोट ओलं झालं ते मला दाखवलं.

"आजून गार आहे. काई नाई झालं त्याले. वाचला."

मलाही बरं वाटलं. आमच्या घरात इतकी वर्षं घाम म्हणजे चांगली बातमी. मी म्हटलं, चला, आता हात धुवा, ते येतील एवढ्यात. आम्ही बाहेर आलो आणि लाईट आली.

जावईबुवा आपले आपण उठले. पोराने सांगितलंच होतं, बटण दाबायची गरज नाही. पंखे एकदम घुमले, मग आतून तडतड आवाज आला, तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा. एक निळी ठिणगी मी दारातून बघितली. मग वास आला. यांनी धावत जाऊन मेन खाली पाडला. त्यानंतर पुन्हा तीच शांतता. हे खोलीत मध्यभागी उभे होते, हात पुढे केलेले, पण कशाला लावावेत ते कळत नव्हतं.

गाडी आली तेव्हा माझी भजी तळून झाली होती. हितेंद्र हसत उतरला, प्रेमराजभाऊंची बॅग त्याच्या हातात होती. दारातच त्याला वास लागला. तो आत गेला. त्याने मांडणीवरून हात फिरवला, हाताकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. यांच्याकडे मात्र त्याने बघितलं नाही.

प्रेमराजभाऊ भला माणूस. चहा घेतला, भजी खाल्ली, केळीच्या भावाचं बोलले. उठताना म्हणाले, हितेंद्रभाऊ, दुरुस्त झालं की कळवा. पण वर्षाच्या शेवटी आम्हाला काहीतरी घ्यावंच लागेल, एका मोठ्या कंपनीचा माणूस रोज येतो आहे. त्यांचं तयार आहे. बोली नाही समजत त्याला, पण लोक शिकतील त्याच्यासारखं बोलायला. एवढं बोलून ते गेले. त्या शेवटच्या वाक्याने हे खुर्चीत जरा आणखी खाली बसले.

पुढे बरेच दिवस हितेंद्रने कार्डं उघडली, पुसली, ऊन दाखवलं, पुन्हा जोडली. थोडी उठली, पण चार बैलांची नांगरट एका बैलावर कशी होणार? मी जाऊन बसले एकदा आणि विचारलं, कसा शे रे भाऊ? किती तरी वेळ काही नाही. मग नुसतं 'माय, माय, माय' असं करत राहिलं. हितेंद्रने घाईने बंद केलं. मी पुन्हा त्या खोलीत गेले नाही.

मला वाटत होतं, पोराने एकदा चिडावं. बापाला बोलावं, ताट भिरकवावं, काय अक्कल आहे का म्हणावं. मी मध्ये पडले असते, दोघांना शिव्या दिल्या असत्या, रडारड झाली असती आणि सगळं धुऊन निघालं असतं. घरं अशीच चालतात. पण हा शिकलेला. यांच्याजवळ बसला आणि शांतपणे म्हणाला, "नाना, तुमची चूक नाही. मीच सांगायला हवं होतं. आणि खरं सांगू का, हे तसंही टिकलं नसतं. त्यांच्या एकेका इमारतीत आपल्या गावाएवढी कार्डं असतात, आपल्या तालुक्याला पुरेल एवढी वीज असते. मी हातपंपाने धरणाशी शर्यत लावली होती. आज नाही तर उद्या हे झालंच असतं."

समजूत काढायला बोलला तो. मायेनेच बोलला. पण मी यांचा चेहरा बघितला. आपल्या हातून मोडलं, हे एक दुःख. आणि जे मोडलं ते मुळात उभं राहणारच नव्हतं, आपण धंदा बंद केला, खोली दिली, पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला, ते सगळं फुकट होतं, हे दुसरं. पहिलं एक वेळ माणूस सोसतो. हितेंद्र, तू चिडला असतास तर फार बरं झालं असतं रे.

दिवाळी झाली. रूपालीने शब्द पाळला, मीही अडवलं नाही. तिने बॅगा भरल्या तेव्हा मी डबे भरले. ती माझ्या पाया पडली आणि उठताना गळ्यात पडली, म्हणाली, आई, मला खरंच राहायचं होतं. मला ते माहीत होतं. माहीत असून काय उपयोग.

आता हितेंद्र नवी मुंबईला आहे. काम काय, तर त्याच मोठ्या खोल्यांपैकी एक खोली गार ठेवायचं. त्याचा बाप केळीची खोली गार ठेवायचा, हा मशीनची ठेवतो. म्हणे आत माणसं नसतातच, नुसती ओळीने कपाटं आणि दिवे, आणि हा काचेमागे बसून थंडीचे आकडे बघतो. संक्रांतीला आला तेव्हा एक दिवस राहिला. यांनी त्याला एकच विचारलं, "तिथी दार कोन उघडते?"

"दोन दारं असतात नाना," तो म्हणाला. "एक लागल्याशिवाय दुसरं उघडतच नाही."

यांनी मान हलवली. जाताना त्याने यांच्या फोनमध्ये ते प्रश्न विचारायचं घालून दिलं आणि सहज म्हणाला, तुम्ही काही विचारलं की ते आमच्यासारख्याच कुठल्यातरी खोलीत येतं, तिथली कार्डं तापतात, मग आम्ही गार करतो. बोलून तो निघून गेला. बोललेलं यांच्याजवळ राहिलं.

पिकवणीची खोली रिकामीच आहे. गिऱ्हाइकं दुसरीकडे लागली ती लागली. यांना सांगून बघितलं, पुन्हा थोडा माल लावा. म्हणाले, हात बसत नाही आता. रोज संध्याकाळी हे त्या खोलीच्या पायरीवर बसतात आणि फोनशी बोलतात. मला वाटायचं, पोराच्या खोलीत आवाज जातो म्हणून बोलत असतील, बोलू दे बिचारे. शहरातल्यासारखं बोलायला शिकलेत आता. एकेक शब्द मोजून टाकतात, पाहुण्यांसमोर बोलावं तसं. प्रेमराजभाऊ म्हणाले होतेच, लोक शिकतील.

मीही एकदा विचारून बघितलं होतं, हे अंघोळीला गेले असताना. मना अंडोर घर कव्हय ई, म्हटलं, माझा पोरगा घरी कधी येईल. फोन म्हणाला, माफ करा, समजलं नाही. मी फोन होता तिथे ठेवला.

काल संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. हे पाठमोरे होते. फोन तोंडाजवळ धरून म्हणत होते, "बंद खोलीतली मशीन गार पडली आहेत. बाहेर दमट हवा आहे. लाईट नाही. दार उघडू का?"

फोनने लगेच सांगितलं, क्षणाचाही वेळ नाही लावला. नाही, दार उघडू नका. गार धातूवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं. चुकून उघडलं असेल तर आधी वीज तोडा, सगळं नीट कोरडं होऊ द्या आणि मगच सुरू करा. मुलीचा आवाज होता, गोड, अगदी घरच्यासारखा. हे शेवटपर्यंत ऐकत राहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "बरं." मग जरा थांबून पुन्हा सुरू, थोडे शब्द बदलून. "मशीन बंद आहेत. पंखे बंद आहेत. आतली हवा थांबली आहे. दार थोडंसं उघडलं तर चालेल का?" पुन्हा तेच, नाही. पुन्हा शब्द बदलून. मला कळलं, हे काही पहिल्यांदा चाललेलं नाही. रोजचं आहे.

मी चहा पायरीवर ठेवला. म्हटलं, "किती वेळा विचारणार? ते एकच सांगतंय ना."

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा तरी ते 'उघड' म्हनीन."

आणि त्यांनी पुन्हा विचारलं. चहा निवत होता. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि उत्तर ऐकत राहिले.